ब्रिटिश म्युझियममधला मुखवटा: पहिल्यांदा बघायला जाणाऱ्यांसाठी

लंडनला पाहुणे आले की ब्रिटिश म्युझियम ठरलेलं असतं, आणि आतला क्रमही ठरलेला असतो. आधी रोझेटा स्टोन, मग ममी, मग 'आपलं', म्हणजे आंध्रातल्या अमरावतीचं, दालन, आणि तिथवर पाय संपतात. मी स्लाऊला राहायला आल्यापासून पहिल्या चार खेपा अशाच गेल्या. खाली तळघरात आफ्रिकेचं अख्खं दालन आहे, याचा मला पत्ताच नव्हता.

ते सापडलं चुकून. सासूबाई आल्या होत्या. ममीच्या खोलीतली गर्दी बघून त्या म्हणाल्या, "मेलेल्या माणसाला बघायला एवढी रेटारेटी? मला शांत जागी ने बाई." मी दिसला तो जिना उतरले. खाली शांतता होती, उजेड कमी, आणि समोर काचेच्या पेटीत एक फिकट पिवळा चेहरा.

सासूबाईंचं माहेर जव्हारकडचं. रात्र-रात्र जागून बोहाडा बघितलेलं बालपण. देवांचे, राक्षसांचे मुखवटे चढवून संबळ-पिपाणीच्या तालावर नाचणारी सोंगं त्यांनी वीतभर अंतरावरून पाहिलेली. त्यांनी पाटीकडे ढुंकून पाहिलं नाही. पेटीच्या एका बाजूला गेल्या, मग दुसऱ्या बाजूला, मान वाकडी करून मागे डोकावल्या आणि मला विचारलं, "अगं, ह्याला दोरी कुठं ओवायची?"

इतकी म्युझियमं पालथी घालूनही हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्यानंतर मी एकटीच चार-पाच वेळा तिथे गेले. त्यातून जे जमलं, जे चुकलं, ते क्रमाने लिहिते.

१. दिवस आणि वेळ

म्युझियम रोज सकाळी १० ते संध्याकाळी ५ उघडं असतं, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत. कायमस्वरूपी दालनांना प्रवेश फुकट. तरी वेबसाइटवर वेळेचं फुकट तिकीट आधी काढून ठेवा, सुट्टीच्या दिवसांत रांगेत फरक पडतो.

माझं मत विचाराल तर शुक्रवारची संध्याकाळ. शाळांच्या सहली गेलेल्या असतात, टूरवाल्यांचे झेंडे गेलेले असतात. पण उशिरा सगळीच दालनं उघडी असतील असं धरून चालू नका. निघायच्या दिवशी सकाळी वेबसाइटवर 'आज बंद असलेली दालनं' बघाच. आपल्याला हवं ते दालन क्रमांक २५.

आणि एक: म्युझियमच्या संग्रहाची ऑनलाइन यादी आहे. एखादा मुखवटा तिथे फोटोत दिसला म्हणजे तो मांडलेला असेलच असं नाही. संग्रहातला फार थोडा भाग लोकांसमोर असतो, बाकीचा गोदामात. वस्तूच्या नोंदीत ती सध्या प्रदर्शनात आहे की नाही हे लिहिलेलं असतं. तेवढं वाचून निघा, म्हणजे मागून हळहळ नको.

२. जायचं कसं

स्लाऊ, हेज, साउथॉल या बाजूच्यांना एलिझाबेथ लाइन सोयीची. गाडी न बदलता थेट टॉटनहॅम कोर्ट रोड. पण हे स्टेशन लांबलचक आहे आणि त्याला दोन टोकांना दोन तोंडं आहेत. पश्चिमेकडून येताना मागच्या डब्यात बसलात तर डीन स्ट्रीटच्या बाजूला, सोहोत बाहेर पडाल आणि उलटं चालत याल. पुढच्या डब्यात बसा. बाहेर पडल्यावर सात-आठ मिनिटांची चाल. वयस्कर माणसं बरोबर असतील तर लक्षात ठेवा, या गाड्यांत स्वच्छतागृह नसतं.

म्युझियमला दोन दारं आहेत. ग्रेट रसेल स्ट्रीटवरचं खांबांचं मोठं दार सगळ्यांना माहीत असतं, रांगही तिथेच. मागे मॉन्टेग्यू प्लेसवर दुसरं दार आहे, आणि आफ्रिकेचं दालन त्या दारापासून जवळ पडतं.

३. बरोबर काय घ्यायचं, काय नाही

चाकांची बॅग आत नेता येत नाही, मग ती कितीही छोटी असो. मी एकदा परस्पर विमानतळावरून पाहुण्यांना घेऊन गेले, "लॉकर असेलच की" म्हणून. नसतं. आमच्यातला एक जण आळीपाळीने बाहेर कॉफीच्या दुकानात बॅगा राखत बसला. बिनचाकांच्या बॅगेलाही मापाची मर्यादा आहे, ४० बाय ४० बाय ५० सेंटिमीटर. दारात बॅग उघडून बघतात.

जवळ असाव्यात अशा गोष्टी:

- फोनमध्ये तिकीट, आणि फोन पुरेसा चार्ज केलेला
- चाळिशी. पाट्यांची अक्षरं बारीक आणि दालनात उजेड मंद. सासूबाई चष्मा घरी विसरल्या, म्हणूनच त्यांनी पाटी वाचली नाही, हेही खरं.
- पेन्सिल आणि कोरी वही. कशासाठी, ते पुढे.
- पाण्याची बाटली
- अंगात थर घालता-काढता येतील असे कपडे, हिवाळ्यात जाड कोट हातावर घेऊन दोन तास हिंडणं नको होतं

फोटो काढायला हरकत नसते, पण सेल्फी स्टिक, तिवई चालत नाही.

४. थेट खाली जा

ही पायरी सगळ्यात अवघड, कारण वाटेत सगळं जग मांडून ठेवलेलं असतं. 'आलोच आहोत तर' म्हणून रोझेटा स्टोनकडे वळलात की संपलं. आधी तळघर, मग उरलेल्या ताकदीवर बाकीचं.

दालन २५ मध्ये शिरल्यावर डोळ्यांना सरावायला दोन मिनिटं द्या. इथे आफ्रिका खंडाच्या निरनिराळ्या भागांतल्या, निरनिराळ्या काळांतल्या वस्तू एकत्र आहेत. शेकडो वर्षांपूर्वीचं पितळी काम आहे, मोझांबिकच्या यादवीत वापरलेल्या बंदुकांच्या तुकड्यांतून घडवलेलं झाड आहे. म्हणूनच 'आफ्रिकी मुखवटा' हा शब्द मी शीर्षकातून काढला. पन्नासहून जास्त देशांचा खंड. आपण दशावतारातला मुखवटा आणि जपानी नाटकातला मुखवटा यांना 'आशियाई मुखवटा' म्हणून एका टोपलीत टाकू का? मग कुणाचा मुखवटा, कुठल्या गावचा, कुणी चढवायचा, हे विचारायची सवय लावून घ्या.

५. एकच निवडा

वीस मुखवटे वीस मिनिटांत बघितले की घरी येईपर्यंत सगळ्यांचं मिळून एकच तोंड होतं. पहिल्या खेपेला एकच घ्या. मी तुम्हाला सासूबाईंचाच सुचवते: बेनिनचा हस्तिदंती मुखवटा.

इथेच पहिली गफलत होते. बेनिन नावाचा देश नकाशावर आहे, पण हा मुखवटा तिथला नाही. हा बेनिनच्या राज्याचा, एडो लोकांचा. त्यांची राजधानी बेनिन सिटी आजच्या नायजेरियात आहे. शेजारच्या डाहोमे देशाने १९७५ मध्ये आपलं नाव बदलून बेनिन ठेवलं, तेव्हापासून हा घोळ. मी स्वतः मैत्रिणीला आत्मविश्वासाने चुकीचा देश सांगितला होता.

मुखवटा सोळाव्या शतकातला. उंची साधारण २४-२५ सेंटिमीटर, म्हणजे वितीपेक्षा थोडी जास्त. फोटोंत बघून गेलेल्या बहुतेकांचा पहिला उद्गार "एवढासाच?" असा असतो. चेहरा एका स्त्रीचा. पापण्या जड, नजर किंचित खाली. बुबुळांत लोखंड बसवलेलं, त्यामुळे फिकट हस्तिदंतावर तेवढेच दोन काळे ठिपके तुमच्याकडे बघतात. कपाळावर दोन उभ्या खाचा. ओठ मिटलेले. चेहऱ्यावर ना राग, ना हसू.

आता डोक्याकडे बघा. मुकुटासारखी एक रांग आहे. लांबून नक्षी वाटते, जवळ गेल्यावर ती माणसांची बोटाच्या पेरापेक्षाही लहान मुंडकी निघतात: सरळ लांब केस, दाढी. हे पोर्तुगीज. आपले, म्हणजे गोव्याचे आणि वसईचे तेच. बेनिनला ते १४८० च्या दशकात पोचले, गोवा त्यांनी घेतला १५१० मध्ये. आपल्या कोकणाच्या किनाऱ्यावर जी गलबतं लागत होती त्यांचेच भाऊबंद तिकडे मिरी आणि हस्तिदंत घ्यायला, पितळेची कडी द्यायला उतरत होते. माणसांची खरेदी-विक्रीही त्यात होतीच.

मग या स्त्रीच्या डोक्यावर परक्यांची मुंडकी कशाला? एडो लोकांच्या समजुतीत समुद्राचा स्वामी ओलोकुन, संपत्ती तोच देतो, आणि पांढरा रंग त्याचा. समुद्रातून आलेली, फिकट कातडीची, गलबत भरून पितळ आणणारी माणसं त्याच्याच मुलखातली वाटली तर नवल नाही. त्यामुळे हस्तिदंताचा पांढरेपणा आणि त्या दाढ्या एकच गोष्ट सांगतात. या मुखवट्याची जुळी बहीण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये आहे. तिच्या मुकुटात पोर्तुगीजांच्या मधे मधे चिखलातला मासा कोरलेला आहे, जो पाण्यातही राहतो आणि जमिनीवरही. राजाही तसाच, दोन्ही जगांतला.

ही स्त्री म्हणजे इदिया, असं मानतात. एसिगी नावाच्या राजाची, तिथल्या भाषेत 'ओबा'ची, आई. भावाभावांत गादीवरून युद्ध पेटलं तेव्हा मुलाला गादी मिळवून देणारी, आणि पुढे शेजारच्या इगाला राज्याशी लढाई झाली तेव्हा औषधी-मंत्रांनिशी पाठीशी उभी राहिलेली. एसिगीने तिच्यासाठी 'इयोबा', म्हणजे राजमाता, हे पद निर्माण केलं आणि तिला स्वतंत्र वाडा दिला. जिजाऊंची आठवण मला आली, तुम्हालाही येईल. पण ती तुलना तिथेच सोडून द्या, नाहीतर समोरची बाई दिसेनाशी होते.

६. भोकं शोधा

आता सासूबाईंचा प्रश्न: दोरी कुठं ओवायची?

बोहाड्यात सोंग कसं चढवतात ते त्यांनी मला तिथेच उभं राहून करून दाखवलं. आधी डोक्याला फडकं गुंडाळायचं, म्हणजे कपाळ सोलवटत नाही. मग मुखवटा. मग मागून कुणीतरी दोरी आवळायची, कारण स्वतःची स्वतःला बांधता येत नाही. "आणि बांधणाऱ्याला माहीत पाहिजे किती आवळायची," त्या म्हणाल्या. पेटीतल्या चेहऱ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याला डोळ्याला भोक नाही, नाकाला नाही. ह्याच्यातून माणूस बघणार कसा?"

बघणार नाही. कारण हा तोंडावर घालायचाच नाही. मागून पोकळ आहे, कानांजवळ दोरी ओवायची सोय आहे, आणि राजा तो आईच्या स्मरणाच्या विधीत अंगावर लटकवायचा, कमरेला किंवा छातीवर. म्हणजे दागिना आणि मुखवटा यांच्या मधलं काहीतरी. चष्मा विसरलेल्या बाईने हे पाटी न वाचता, नुसत्या भोकांवरून ताडलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. कुठल्याही मुखवट्यापुढे उभी राहिले की चेहरा शेवटी बघते. आधी हे बघते:

डोळ्यांना आरपार भोकं आहेत का? नसतील तर घालणारा कुठून बघत होता, तोंडातून की मानेच्या पट्टीतून? की तो घालायचाच नव्हता?

कडेला ओळीने भोकं आहेत का? असतील तर तिथून काहीतरी लोंबत होतं, गवताचे झुबके किंवा कापड, आणि ते आता नाही. ही फार मोठी गोष्ट आहे. आपण ज्याला मुखवटा म्हणतो तो पुष्कळदा एका पूर्ण सोंगाचा फक्त डोक्याकडचा, लाकडाचा म्हणून टिकलेला तुकडा असतो. बाकीचं सोंग, त्याचं गाणं, त्याच्या पुढे पळणारी पोरं, यातलं काही बोटीत चढलं नाही.

आतली बाजू दिसते का? दिसली तर घासून गुळगुळीत झालेली जागा शोधा. तिथे कुणाचं तरी कपाळ टेकत होतं.

सिएरा लिओनमधल्या मेंडे लोकांचा सोवेई मुखवटा याचं उत्तम उदाहरण. ब्रिटिश म्युझियमच्या संग्रहात तो आहे आणि जगातल्या पुष्कळ म्युझियमांत दिसतो, त्यामुळे कुठे ना कुठे गाठ पडेलच. काळाभोर, चकचकीत, घागरीसारखा डोक्यावरून खाली सरकवायचा. डोळे बारीक, तोंड इवलंसं, केसांची रचना अशी की आपल्याकडच्या खोपावालीनेही वही काढावी. मानेभोवती वळ्या. कुणी म्हणतं सुदृढ बाईच्या मानेवरच्या वळ्या, कुणी म्हणतं देवता पाण्यातून वर येताना उठलेली वलयं. खालच्या कडेला ओळीने भोकं, तिथून काळ्या राफियाचा, म्हणजे ताडासारख्या झाडाच्या धाग्यांचा, झगा लोंबायचा, घालणारीचं बोटभरही अंग दिसत नसे.

हो, घालणारी. मुखवटे चढवून नाचायचं काम आफ्रिकेत बहुतेक ठिकाणी पुरुषांचं. सोवेई हा ठळक अपवाद. सांदे नावाच्या स्त्रियांच्या मंडळाचा तो मुखवटा, कोरणारे पुरुष, पण चढवणाऱ्या बायका. मुली वयात येताना या मंडळात दीक्षा घेतात. त्या दीक्षेत मुलींची सुंताही केली जाते आणि त्यावरून आज खुद्द सिएरा लिओनमध्ये वाद चालू आहे. पाटीवर हे असेल किंवा नसेल, तुम्हाला माहीत असावं. नुसतं 'किती सुंदर' म्हणून पुढे जाणंही बरोबर नाही आणि नुसतं नाक मुरडून जाणंही.

याच्या अगदी उलटं उदाहरण दालन २५ मध्येच आहे: सोकारी डग्लस कॅम्प या शिल्पकर्तीने १९९५ मध्ये पोलादातून घडवलेलं 'ओतोबो', म्हणजे पाणघोड्याचं सोंग. ती नायजेरियातल्या कालाबारी लोकांतली, राहते लंडनला. तिच्या लोकांत मुखवटा चढवून नाचायचा हक्क पुरुषांचाच. तिने पूर्ण सोंग घडवलं, अंग, कपडे, पवित्रा यांच्यासकट. नुसता मुखवटा आणि पूर्ण सोंग यातला फरक डोळ्यांनी बघायचा असेल तर इदियापासून उठून थेट इथे या.

७. पाटीवरचा नंबर वाचायला शिका

पाटीच्या शेवटी एक लांबलचक नंबर असतो, सगळे तो सोडून देतात. इदियाच्या मुखवट्याचा आहे एएफ१९१०,०५१३.१. 'एएफ' म्हणजे आफ्रिका. पुढे वर्ष १९१०. मग ०५१३, म्हणजे पाचवा महिना, तेरा तारीख. शेवटी त्या दिवशी नोंदलेल्यातली पहिली वस्तू. वस्तू म्युझियमच्या दप्तरात कधी चढली, ते नंबरच सांगतो. त्याच दालनात खांबांवर टांगलेल्या पितळी फलकांचे नंबर वाचा, पुष्कळांवर एएफ१८९८,०११५ दिसेल. १५ जानेवारी १८९८. एकाच दिवशी एवढे फलक?

सापळा असा की नंबर वस्तू म्युझियमकडे कधी आली ते सांगतो, आपल्या घरून कधी निघाली ते नाही. ते शोधायला पुढची पायरी.

८. हे इथं कसं आलं, हे विचारा

जानेवारी १८९७ मध्ये बेनिनला निघालेल्या एका ब्रिटिश तुकडीवर हल्ला झाला, बरेच लोक मारले गेले. फेब्रुवारीत ब्रिटिश फौज बेनिन सिटीत शिरली. राजवाडा लुटला, शहर जळालं, ओबा ओवोनरामवेनला कालाबारला हद्दपार केलं, तो परतला नाही. हजारो वस्तू युरोपात विकल्या, वाटल्या गेल्या. राजाच्या शयनगृहात सापडलेल्या हस्तिदंती मुखवट्यांपैकी हा एक. हातोहात फिरत तो मानववंशशास्त्रज्ञ चार्ल्स सेलिगमन यांच्याकडे आला आणि त्यांच्याकडून १९१० मध्ये म्युझियमने विकत घेतला. बेनिनच्या नऊशेहून जास्त वस्तू आज या म्युझियमकडे आहेत.

१९७७ मध्ये लागोसला कृष्णवर्णीयांच्या कलेचा मोठा महोत्सव झाला, फेस्टॅक. त्याचं बोधचिन्ह म्हणून निवडला हाच चेहरा. नायजेरियाने मूळ मुखवटा महोत्सवापुरता मागितला. मिळाला नाही. नाजूक आहे, प्रवास सोसणार नाही, असं कारण दिलं गेलं.

हे ऐकून माझ्या दिराने तिथल्या तिथे भाषण सुरू केलं, कोहिनूरपासून. सासूबाईंनी त्याला गप्प केलं नाही, पण बाहेर आल्यावर हळूच विचारलं, "भीमाशंकरची घंटा कुठली रे?" वसई चिमाजी अप्पांनी जिंकली १७३९ मध्ये, आणि तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. भीमाशंकरला आहे, नाशिकला नारोशंकराच्या देवळात आहे. आपण त्या अभिमानाने दाखवतो. दोन्ही प्रकरणं सारखी आहेत असं मी म्हणत नाही, पण दीर नंतर बराच वेळ फोनमध्ये डोकं घालून बसला होता.

परत देण्याचं म्हणाल तर १९६३ च्या कायद्याने ब्रिटिश म्युझियमच्या विश्वस्तांचे हात बरेच बांधलेले आहेत, संग्रहातली वस्तू काढून देता येत नाही. म्हणून उसनवारीचा मार्ग निघतो. घानातल्या असांते राजघराण्याच्या सोन्याच्या वस्तू २०२४ मध्ये कुमासीला गेल्या त्या ब्रिटिश म्युझियम आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून उसन्या. आपल्याकडे त्याच वर्षी जुलैत साताऱ्याला वाघनखं आली तीही व्हिक्टोरिया अँड अल्बर्टकडून, तीन वर्षांच्या बोलीवर. आपण तेव्हा रांगा लावल्या होत्या. त्यामुळे बेनिन सिटीतल्या माणसाला काय वाटत असेल, हे मराठी माणसाला फार समजावून सांगावं लागू नये.

९. पेन्सिल काढा

फोटो काढाच, पण त्याआधी दहा मिनिटं चित्र काढा. येत नाही? मलाही येत नाही. मुद्दा चित्र चांगलं येण्याचा नाही. कागदावर रेघ ओढायची तर कान नक्की कुठे संपतो ते बघावंच लागतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना 'मुकुटातली मुंडकी मोज' एवढंच काम द्या, पंधरा मिनिटांची निश्चिंती.

सासूबाईंनी माझ्या वहीत काढलं होतं ते अजून आहे. चेहरा त्यांनी एका वर्तुळात आटपला. बाकी सगळा कागद भरून कमर काढली आहे, नेसूचं गुंडाळलेलं, त्यावर दोरी, दोरीला गाठ. गाठ नीट, दुहेरी काढली आहे. मुखवटा त्या गाठीखाली लोंबतोय.

१०. मुखवटा विकत घ्यायचा झाला तर

म्युझियम बघून आल्यावर हा झटका येतोच. मला आला. एका रविवारच्या बाजारात विक्रेत्याने शंभर वर्षं जुना, खेड्यात नाचवलेला म्हणून एक मुखवटा दाखवला. घासाघीस करून मी तो घेतला. घरी बैठकीत टांगला, दुपारी ऊन पडलं आणि खोलीभर बुटपॉलिशचा वास सुटला. मग कडेची भोकं बघितली. एकाही भोकाची कड झिजलेली नव्हती, दोरी कधी ओवलीच नव्हती. आतून लाकूड कोरं, करवतीच्या खुणा ताज्या.

नवा मुखवटा नवा म्हणून घ्यायला काहीच हरकत नाही, कोरणाऱ्याच्या हाताला पैसे मिळतात. जुना म्हणून सांगितला तर कागद मागा: कुठून, कधी, कुणाकडून आला. कागद नसेल तर तो नवाच समजा, किंवा चोरीचा. आणि हस्तिदंताच्या वाटेला अजिबात जाऊ नका. ब्रिटनमध्ये २०१८ चा हस्तिदंताविषयीचा कायदा जून २०२२ पासून लागू आहे, मोजके अपवाद सोडले तर खरेदी-विक्री गुन्हा आहे. भारतात नेताना कस्टममध्ये अडकाल ते वेगळंच.

११. पुढची खेप

इदिया बघून झाली की दक्षिण लंडनचं हॉर्निमन म्युझियम ठेवा. एलिझाबेथ लाइनने व्हाइटचॅपल, तिथे ओव्हरग्राउंडची विंडरश लाइन पकडून फॉरेस्ट हिल, मग थोडा चढ चालून. जागतिक संस्कृतींचं दालन फुकट आहे, गर्दी कमी, बाहेर मोठी बाग. या म्युझियमने नोव्हेंबर २०२२ मध्ये बेनिनमधून लुटून आणलेल्या ७२ वस्तूंची मालकी नायजेरियाकडे सोपवली. त्यामुळे ब्रिटिश म्युझियममध्ये जे प्रश्न पडले ते घेऊन इथे आलात तर पाट्या वेगळ्या वाटतील.

हे म्युझियम उभारलं एका चहाच्या व्यापाऱ्याने, फ्रेडरिक हॉर्निमन यांनी, १९०१ मध्ये लोकांसाठी उघडलं. सासूबाईंना हे सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, तिथे चहा तरी बरा मिळतो का. मिळतो, पण दूध वेगळं मागून घ्या.